तिसरीच्या वहीवर आजीची सही

दौ रुईयिंगला उपासनेची चाळीसेक गाणी तोंडपाठ होती, पण गाण्यांच्या पुस्तकातलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. चर्चमध्ये ती पुस्तक उघडून धरायची आणि शेजारणीनं पान उलटलं की आपणही उलटायची. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं बायबल तिनं वीस वर्षं असंच वापरलं. चर्चमधल्या छियाओ ताईंनी एकदा भर प्रार्थनेत ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि सुलटं करून परत दिलं. रुईयिंगला त्याचं विशेष काही वाटलं नाही. तिच्या लहानपणी शीहेवान गावात भाऊ शाळेत जायचे आणि बहिणी बदकं राखायच्या. तिच्या राखणीत एकही बदक हरवलं नव्हतं, हे ती अजून सांगायची.

अक्षरावाचून तिचं पहिल्यांदा अडलं ते त्रेसष्टाव्या वर्षी, नातीच्या वहीमुळे.

मुलगा गुआंगलिन आणि सून दक्षिणेकडे बुटांच्या कारखान्यात कामाला होते. रेल्वेनं वीस तासांचा प्रवास, त्यामुळे येणं वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या सणाला. नात मंगअन आठ महिन्यांची असल्यापासून आजी-आजोबांकडेच वाढली. नाव आजीनं ठेवलेलं. त्याचा अर्थ, कृपा लाभलेली. शीहेवानच्या शाळेत प्रत्येक वर्गात अशा नावाची दोन-तीन मुलं असतात आणि हजेरी घेतानाच शिक्षकांना कळतं की कोणाच्या घरात भिंतीवर क्रूसाचं कॅलेंडर आहे.

दुसरीपर्यंत मंगअनचा अभ्यास आजोबा घ्यायचे. ते सातवीपर्यंत शिकले होते. वसंत ऋतूत भुईमुगाच्या शेतात ते खाली बसले, ते उठले नाहीत. सप्टेंबरात मंगअन तिसरीत गेली आणि तिच्याबरोबर घरात श्रुतलेखनाची वही आली. रोज संध्याकाळी घरच्या मोठ्या माणसानं पुस्तकाच्या मागच्या यादीतले शब्द सांगायचे, मुलानं ते लिहायचे, मोठ्या माणसानं पुस्तकाशी ताडून पाहायचे आणि खाली सही करायची. तिसरीत बारा-पंधरा नवी अक्षरं दर धड्याला येतात. प्रत्येकाचा आकार निराळा, त्यामुळे ती नुसती ऐकून लिहिता येत नाहीत, डोळ्यांत आणि हातात बसावी लागतात. म्हणून हा रोजचा नेम.

पहिले तीन आठवडे मंगअननं शब्द स्वतःच मोठ्यानं वाचले, स्वतःच लिहिले आणि आजीनं खाली अंगठा उठवला. वहीत एकही चूक नव्हती. वर्गातल्या चाचणीत मात्र तिला तीसपैकी अकरा गुण पडले.

वर्गशिक्षिका फान बाई सव्वीस वर्षांच्या. तालुक्याच्या गावाहून रोज स्कूटरनं यायच्या. त्यांनी रुईयिंगला शाळेच्या फाटकापाशी थांबवलं.

"मावशी, ज्या मुलीला शब्द दिसतायत तीच सांगते आणि तीच लिहिते. यात परीक्षा कोणाची झाली?"

गुणांचा कागद फोनवरून गुआंगलिनला गेला होता. त्या रविवारी तो कामगारांच्या वसतिगृहाच्या जिन्यात शेवयांचा वाडगा धरून व्हिडिओवर बोलला. तालुक्याला निवासी शाळा आहे, संध्याकाळचा अभ्यास तिथले शिक्षक घेतात, मुलं महिन्यातून दोन दिवस घरी येतात, असं त्यानं सांगितलं. तो रागावला नव्हता, आणि रुईयिंगला तेच जास्त लागलं.

"आई, तुझा दोष नाही यात. पण हे तुझ्यानं व्हायचं नाही."

रुईयिंगनं सणापर्यंतची मुदत मागितली. त्यानं घास गिळला आणि ठीक आहे म्हणाला.

चर्चच्या मागच्या स्वयंपाकखोलीत दर रविवारी उपासनेनंतर म्हाताऱ्या बायकांचा वाचनवर्ग भरायचा. नऊ जणी होत्या. थान गुरुजी शिकवायचे. गावच्या शाळेत अडतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते आणि त्यानंतर बायकोच्या मागून चर्चमध्ये येऊ लागले होते. छियाओ ताई दोन वर्षं रुईयिंगला वर्गाला बोलावत होत्या आणि ती या वयात कसलं शिकणं म्हणून हसण्यावारी नेत होती. त्या रविवारी ती आपणहून आली आणि पुढच्या तिवईवर बसली.

"देवानं बोलावलं तेव्हा आली नाहीस," छियाओ ताई म्हणाल्या, "आणि तिसरीच्या बाईनं डोळे वटारले तशी धावत आलीस."

"देव सह्या मागत नाही, ताई," रुईयिंग म्हणाली.

वर्गाची रीत सोपी होती. बायबलातलं एक वचन गुरुजी फळ्यावर लिहायचे, बायका ते पाचदा उतरवायच्या आणि पानाच्या शेवटी आमेन लिहायच्या. आमेन गुरुजींनी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी वाक्याच्या शेवटी यायचं छोटं वर्तुळ शिकवून पाहिलं होतं. पण देवाचं वचन एका टिकलीएवढ्या गोलावर संपवायला बायका तयार होईनात. अडतीस वर्षांच्या नोकरीत गुरुजी कुठे वाद घालायचा ते शिकले होते. या वर्गात पान आमेननंच मिटायचं.

घरी कोणी नाही म्हणून मंगअन आजीबरोबर यायची. पहिल्या दिवशी ती कोपऱ्यात सरपणाच्या ढिगावर बसली. तिसऱ्या रविवारी ती बाकांमधून फिरत होती आणि कोणती रेघ आधी, कोणती नंतर, ते म्हाताऱ्यांचे हात धरून दाखवत होती. ऐंशीच्या पाय आजी तिला 'छोट्या बाई' म्हणायच्या आणि तिच्या खिशांत भुईमुगाच्या शेंगा कोंबायच्या.

पण या वर्गातली अक्षरं निराळी आणि तिसरीची निराळी. दोन-तीन आठवड्यांत रुईयिंगला मेंढरू, मीठ, दिवा, पेरणारा, क्षमा असे शब्द वाचता येऊ लागले. मंगअनच्या यादीत धबधबा, प्रयोग, संग्रहालय आणि अवकाशयान होतं. म्हणून रुईयिंग सकाळीही गुरुजींकडे जाऊ लागली. मंगअन शाळेत गेली की पुस्तकाच्या यादीचा कागद घेऊन ती त्यांच्या अंगणात उभी राही. गुरुजी बादलीत मोठा कुंचला बुडवायचे आणि फरशीवर नुसत्या पाण्यानं अक्षर काढायचे. ते वाळायच्या आत रुईयिंगनं शेजारी तसंच काढायचं. वारं असलं की अक्षर बघता बघता उडून जायचं. रुईयिंग घाबरी व्हायची.

"वाऱ्याला घाई आहे, मला नाही," गुरुजी म्हणायचे आणि पुन्हा काढायचे.

घरी संध्याकाळी दिवसाच्या उजेडातच श्रुतलेखन उरकायचं असा तिचा प्रयत्न असे. मंगअन भिंतीकडे तोंड करून बसायची, म्हणजे आजीच्या हातातला कागद चुकूनही दिसणार नाही. पहिल्या दिवशी दहा शब्दांना दीड तास लागला. त्यातले सहा रुईयिंगला आठवलेच नाहीत. तिनं अंदाज मारला नाही. न आठवलेला शब्द ती वहीच्या पानाच्या तळाशी जमेल तसा उतरवून ठेवायची, सकाळी गुरुजींना विचारायची आणि दुसऱ्या दिवशी आधी तो सांगायची. हे मंगअनला आवडायचं. आजचे किती राहिले, ते ती रोज मोजून सांगायची.

मग सही. दौ, रुई, यिंग, तीन अक्षरं. ती लिहून झाली की रुईयिंगचा हात थांबायचा नाही, पुढची दोन, आमेनची, तो आपसूक लिहून जायचा. पान संपलं की आमेन. तिला त्यात वेगळं काही दिसलं नाही, आणि नऊ वर्षांच्या मंगअनलाही नाही, कारण तिनं मोठ्या माणसांना लिहिताना पाहिलं होतं ते याच वर्गात.

फान बाई वह्या पंधरवड्यानं तपासत. अकरा सह्यांखाली अकरा आमेन त्यांना एकदमच दिसले. दुर्दैवानं त्याआधी ते वह्या गोळा करणाऱ्या मुलांनाही दिसले होते.

दर सत्रात एकदा शिक्षकांनी मुलांच्या घरी जायचं असतंच. फान बाई गुरुवारी दुपारी आल्या. रुईयिंगनं पाहुणचाराची साखरपाण्यातली दोन अंडी वाडग्यात घालून त्यांच्यापुढे ठेवली. बाई भिंतीशी बसल्या होत्या. एका बाजूला मंगअनची शाळेतली प्रशस्तिपत्रं डकवलेली होती आणि दुसऱ्या बाजूला क्रूसाचं कॅलेंडर. बाईंनी दोन्हीकडे पाहिलं, वही उघडली आणि बोट ठेवलं. त्या हसल्या नाहीत. मुलीला शब्द आता येतात, हे त्यांनी आधी सांगितलं. मग पिशवीतून एक छापील कागद काढला.

कागद शाळेतल्या सगळ्या पालकांसाठी होता. मुलांना धार्मिक ठिकाणी किंवा तिथल्या वर्गांना नेणार नाही, घरात अभ्यासाकडे लक्ष देईन, असं त्यात होतं. वर्गातल्या एकेचाळीस घरांपैकी अडतीस कागद आले होते. बहुतेकांनी फाटकावरच्या रखवालदाराच्या टेबलावर, न वाचता सही केली होती. कागद आला नाही तर मुख्याध्यापक वडिलांना फोन करणार, असं बाई म्हणाल्या. धमकी म्हणून नाही, होणार ते सांगितलं. रुईयिंगला पुढचं कळलं. तो फोन गेला तर गुआंगलिन सणापर्यंत थांबणार नव्हता.

"इथे सही करा, मावशी," फान बाईंनी पेन पुढे केलं. "आणि आमेन नको."

रुईयिंगनं कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिला.

"ठेवून जा. मला वाचायचाय."

"मी वाचून दाखवते की."

"नको. जमिनीचा कागद लोकांनी वाचून दाखवला, दवाखान्याचा लोकांनी वाचून दाखवला. तेव्हा अंगठा होता, चालून गेलं. आता सही आहे."

फान बाईंनी पेन मिटलं. सोमवारपर्यंत थांबते म्हणाल्या, वाडग्यातलं एक अंडं खाल्लं आणि दुसरं मंगअनसाठी ठेवून गेल्या.

कागदावर अडीचशेच्या आसपास अक्षरं होती. त्यातली बावन्न तिला येत नव्हती. कागद बाहेर न्यायला तिला संकोच वाटला, म्हणून तिनं ती बावन्न वेगळ्या चिठ्ठीवर उतरवली आणि सकाळी गुरुजींच्या अंगणात गेली. पहिली आठ-दहा अक्षरं फरशीवर काढल्यावर गुरुजींना तो कोणता कागद आहे ते उमगलं. तरी ते एकेक काढत गेले. शेवटची दोन-तीन राहिली तेव्हा त्यांनी कुंचला बादलीवर आडवा ठेवला आणि विचारलं, "रुईयिंग, काय करावं ते मी सांगू का?"

"नको, गुरुजी. अक्षरं सांगा."

शनिवारी दुपारी तिनं कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत, कोणाच्या मदतीशिवाय वाचला. वाचता आल्याचा आनंद झाला आणि असल्या कागदावर आनंद झाल्याची लाजही वाटली. मग तिनं डोळे मिटून प्रार्थना केली. स्पष्ट असं उत्तर काही मिळालं नाही. आठवड्यात रविवार एक आणि मुलगी घरी राहिली तर बाकीच्या संध्याकाळी सहा, असा विचार तिच्या मनात आला. देवापुढे बसून असली वजाबाकी करावी हे तिला बरं वाटलं नाही, पण विचार गेला नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती स्वतः शाळेत गेली. फान बाई व्हरांड्यात खडूचे हात झटकत उभ्या होत्या.

"यात लिहिलंय, मुलीला तिकडे न्यायचं नाही. नाही नेणार," रुईयिंग म्हणाली. "पण घरात मी डोळे मिटून बसते तेव्हा ती विचारते, आजी, काय करतेस. मग तिला सांगायचं की गप्प बसायचं?"

फान बाईंनी व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मुलं दोरीवरच्या उड्या मारत होती.

"मावशी, मी वह्या तपासते," त्या म्हणाल्या. "वहीत जेवढं लिहिलेलं असतं तेवढंच तपासते."

रुईयिंगनं खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली. तीन अक्षरं झाल्यावर हात पुढे सरकला, तिनं तो मनगटाला धरून उचलला. फान बाईंनी कागदाची घडी घातली आणि पहिल्या आठवड्यापेक्षा आता अक्षराला वळण आलंय, एवढं म्हणाल्या.

त्या रविवारी सकाळी मंगअन लाल कोट घालून फाटकाशी उभी राहिली. रुईयिंगनं तिला आत बोलावून सांगितलं, आता जायचं नाही. मुलगी काही वेळ बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली. मग तिनं विचारलं, मुलं हसली म्हणून का? कोणती मुलं, असं विचारल्यावर सगळं बाहेर आलं. गेले दहा-बारा दिवस ती वर्गात उत्तर देऊन खाली बसली की मागचा बाक एका सुरात आमेन म्हणत होता. तिनं घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आजीनं सही करणं सोडलं असतं, असा तिचा हिशेब होता.

रुईयिंगनं तिच्या कोटाची बटणं काढली, पुन्हा लावली.

"तू काही केलेलं नाहीस. मी लिहून दिलंय."

"मग खोडून टाक."

"खोडायचं असतं तर अंगठाच बरा होता."

मुलीला ते पटलं नाही. रुईयिंगही त्या दिवशी घरीच राहिली. ऐन कापणीतसुद्धा तिची उपासना चुकली नव्हती. दहा वाजता नदीपलीकडच्या चर्चमधून गाणं ऐकू येऊ लागलं तेव्हा ती कोबी चिरत होती. पहिल्या कडव्यापर्यंत तिनं ओठ मिटून ठेवले, दुसऱ्याला तिचा आवाज लागला. मंगअन दारात येऊन उभी राहिली आणि तिसऱ्या कडव्याला तीही म्हणू लागली. हे वहीत लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यापासून वाचनवर्ग बुधवारी सकाळी, शाळेच्या वेळेत भरू लागला. हे छियाओ ताईंनी जमवलं. बाकीच्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांनी एकेकीला कबूल करून घेतलं आणि रुईयिंग आल्यावर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रविवार देवानं ठरवला होता, बुधवार या बाईनं ठरवला. कोणाचं चालतं ते बघा." रुईयिंग एक रविवार आड करून उपासनेला जायची, तेव्हा मंगअनला शेजारच्या घरी ठेवायची. पाय आजी मात्र दर बुधवारी छोट्या बाई कुठे म्हणून विचारत. सांगितलं तरी पुढच्या बुधवारी पुन्हा विचारत आणि शेंगांची पुडी रुईयिंगच्या पिशवीत टाकत. म्हातारीला विसर पडतो की मुद्दाम विचारते, हे रुईयिंगला कधी कळलं नाही.

सत्राच्या शेवटच्या चाचणीत मंगअनला तीसपैकी सव्वीस मिळाले.

गुआंगलिन आणि सून सणाच्या तीन दिवस आधी आले. पिशव्यांत बूट होते, संत्री होती आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत गुलाबी दुलई होती, एका माणसापुरती. सुनेनं ती ऑक्टोबरातच घेऊन ठेवली होती, निवासी शाळेच्या वसतिगृहासाठी. दुलई कपाटावर गेली. पाच दिवस मोदकासारखे वळलेले डंपलिंग आणि पाहुणे चालले.

सहाव्या दिवशी अंगणात ऊन चांगलं पडलं होतं. गुआंगलिननं पुस्तक मागितलं, बघू म्हणाला, मी शब्द सांगतो. मंगअननं पुस्तक आजीला दिलं. "तू नाही. आजी सांगते." आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली.

गुआंगलिन तिवईवर हाताची घडी घालून बसला. रुईयिंगनं चष्मा लावला. ती एक शब्द म्हणायची, मग तो घालून एखादं वाक्य म्हणायची, मग थांबायची. पेन्सिल थांबल्याचा आवाज आला की पुढचा. घाई नव्हती. नवव्या शब्दाशी ती अडली. गुआंगलिननं शब्द सांगायला तोंड उघडलं.

"सांगू नको, बाबा," मंगअन भिंतीकडूनच म्हणाली. "तो आजीचा राहिलेला आहे."

रुईयिंगनं पानाच्या तळाशी तो उतरवला आणि दहाव्याकडे गेली. पंधरा झाल्यावर तिनं वही ताडून पाहिली, एक चूक दाखवली आणि सही केली.

गुआंगलिननं वही मागून घेतली. आधी तेवढं पान पाहिलं, मग पहिल्यापासून एकेक पान उलटू लागला. ऑक्टोबरात पानांच्या तळाशी सहा-सहा, सात-सात राहिलेले शब्द होते, वेडेवाकडे, चौकटीबाहेर गेलेले. डिसेंबरात तीन-चार. जानेवारीत एखादा. पहिल्या अकरा सह्यांशी तो जरा जास्त थांबला, मग पुढे गेला. शेवटच्या पानापर्यंत गेल्यावर त्यानं वही मिटली आणि मांडीवर ठेवून बसून राहिला. आईनं त्याला लहानपणी कधी अभ्यासाला बसवलं नव्हतं. तिला बसवता येत नव्हतं.

त्यानं बायकोला हाक मारली आणि कपाटावरची दुलई काढायला सांगितली.

"उन्हात टाक," तो म्हणाला. "प्लास्टिकचा वास येतोय तिला."

दुलई दुपारभर दोरीवर राहिली. संध्याकाळी सुनेनं ती झटकली आणि सासूच्या खाटेवर, जिथे मंगअन आठ महिन्यांची असल्यापासून झोपत होती तिथे अंथरली. मंगअन लगेच आडवी झाली, आजीलाही ओढून बसवलं. दुलई दोघींना पुरेना. वर ओढली की पाय उघडे पडायचे, खाली ओढली की खांदे.

"पुढच्या वर्षी मोठी आणू," गुआंगलिन दारातून म्हणाला.